विंडोज, मॅक, लिनक्स आणि मधोमध एकच डेटाबेस

हिशेबनीस (सोमवार, सकाळी)

मंडळी, जरा अडलोय. ऑफिसात आम्ही चौदा जण. हिशेब आणि स्टोअरवाले आठ विंडोजवर, डिझाइनच्या चौघी मॅकवर, प्रोग्रॅमिंगवाले दोघे लिनक्सवर. तेही दोघे दोन वेगवेगळ्या लिनक्सवर, आणि त्यावरून त्यांची रोज जुंपते, ते असो. गेली नऊ वर्षं मालाच्या नोंदी, ऑर्डरी, सगळं एका अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये आहे. फाइल शेअर फोल्डरमध्ये पडलेली. ती आता १.८ जीबी झाली आहे, आणि २ जीबीला अ‍ॅक्सेस हात वर करतं हे मला गेल्या महिन्यात कळलं. मॅकवाल्यांना तर ती उघडताच येत नाही. त्या मला हाक मारून "एवढं बघून सांगा ना" म्हणतात आणि माझा दिवस त्यातच जातो.

साहेब म्हणाले, लायसन्सचा खर्च नको, ओपन सोर्स बघा. मी पोस्टग्रेस निवडलं, तोही डेटाबेसच, पण फुकटचा. इथवर ठीक. पुढचं सांगायला लाज वाटते. मी प्रत्येक मशीनवर पोस्टग्रेस टाकलं, माझ्या विंडोजवर थोडा डेटा भरला आणि तो अख्खा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवरून एका लिनक्सवाल्याला दिला. त्याच्याकडे सर्व्हर उठायलाच तयार नाही. लॉगमध्ये लोकेलच्या (भाषा-प्रांताच्या सेटिंगच्या) नावाने कुरकुर आहे. "सगळ्या सिस्टिमवर चालतं" असं लिहिलेलं असतं ना? मग?

टेबलखुर्ची

सगळीकडे चालतं. चालत चालत एकीकडून दुसरीकडे जातं असं कुणी म्हटलं?

जुनाजाणता

टेबलखुर्चीने एका ओळीत उरकलं, मी जरा पसरतो.

पोस्टग्रेसचा प्रोग्रॅम सगळीकडे चालतो हे खरं. विंडोजवर तो धड चालायला लागला २००५ साली, ८.० आवृत्तीपासून. त्याआधी सिगविनच्या (विंडोजवर लिनक्सच्या धाटणीचे प्रोग्रॅम चालवायची सोय) कुबड्या लागायच्या. पण डिस्कवरच्या फाइली हा त्याचा खासगी मामला आहे. त्या प्रोसेसरच्या जातीवर अवलंबून असतात, मुख्य आवृत्तीवर असतात (१६ चा फोल्डर १७ थेट उघडत नाही) आणि लोकेलच्या नावावरही. विंडोजवर ते नाव "इंग्लिश अंडरस्कोअर युनायटेड स्टेट्स डॉट १२५२" अशा धाटणीचं असतं. लिनक्सला ते नाव म्हणजे परकी भाषा. कुरकुर त्याचीच आहे. आणि समजा सर्व्हर उठला असता तर जास्त वाईट झालं असतं, ते पुढे कधीतरी सांगेन.

डेटा हलवायचा तो डंप करूनच. पीजी_डंपने काढायचा, पीजी_रिस्टोअरने भरायचा. डंप म्हणजे टेबलं बनवायच्या आज्ञा आणि त्यातला माल. तो कुठल्याही सिस्टिमवर उघडतो.

आता मुख्य मुद्दा. चौदा मशीनवर चौदा सर्व्हर का? सर्व्हर एक. बाकी तेराजणांकडे फक्त क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम. क्लायंट विंडोजचा असो नाहीतर मॅकचा, सर्व्हरला काडीचा फरक पडत नाही. ५४३२ पोर्टवर सगळे एकच बोली बोलतात.

वाटसरू

छोट्या ऑफिसाला एवढा पसारा हवाच का? एसक्यूलाइट वापरा. सर्व्हरच नाही, एक फाइल. आणि ती फाइल तर खरंच कुठेही उचलून न्या, विंडोज, मॅक, ३२ बिट, ६४ बिट, कशालाही ना म्हणत नाही.

जुनाजाणता

वाटसरू, फाइलबद्दल पूर्ण सहमत. तिचा आराखडा मुद्दामच तसा ठेवलाय. पण हे लोक ती कुठे ठेवणार? शेअर फोल्डरमध्ये! आणि तिथेच गोची आहे. एकाने लिहिताना दुसऱ्याला थांबवायचं काम एसक्यूलाइट फाइल सिस्टिमच्या कुलपावर सोपवतं, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरची कुलपं बऱ्याचदा नुसती दाखवायची असतात. एसक्यूलाइटची मंडळी स्वतःच हा इशारा देतात. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) लावला तर नेटवर्कवर चालतच नाही, कारण त्याला सगळे एकाच मशीनवर लागतात. चौदा जण, तीन सिस्टिम, एक शेअर फोल्डर... अ‍ॅक्सेसच्या आगीतून निघून फुफाट्यात.

एका मशीनवरच्या एका प्रोग्रॅमला मात्र मी डोळे मिटून एसक्यूलाइटच सांगेन.

वाटसरू

मान्य. नेटवर्क फोल्डरचं डोक्यात आलं नाही.

मग मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसबद्दल एक अनुभव टाकून ठेवतो, कुणी त्या वाटेने गेला तर. एका जुन्या नोकरीत आमचा एक मित्र विंडोजवर कोड लिहायचा. टेबलाचं नाव एका क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) कॅपिटल सीने "कस्टमर", दुसरीत स्मॉल सीने. त्याच्याकडे सगळं सुरळीत. लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि "असं टेबलच नाही". त्याने तीन तास टेबल शोधलं, टेबल समोरच होतं. कारण असं की मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावाला फाइल सिस्टिमचा नियम लागतो. लोअर_केस_टेबल_नेम्स नावाची एक सेटिंग आहे. ती लिनक्सवर ०, विंडोजवर १ आणि मॅकवर २! तीन सिस्टिम, तीन उत्तरं. आणि ८.० पासून ती फक्त सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवता येते, मागाहून बदलली तर सर्व्हर उठतच नाही. तेव्हापासून मी सगळी नावं स्मॉलमध्येच ठेवतो.

पोस्टग्रेसमध्ये ही भानगड नाही ना?

खटपट्या

ही नाही. पोस्टग्रेस अवतरणचिन्हाशिवायचं नाव स्वतःच स्मॉल करून घेतं, सिस्टिम कुठलीही असो. पण अ‍ॅक्सेसमधून आणताना काही साधनं नावं अवतरणात घालून कॅपिटलसकट बनवतात, मग जन्मभर प्रत्येक क्वेरीत अवतरणं टाकत बसा. हिशेबनीस, आणतानाच नावं बदलून घ्या.

मी मॅकवाला आहे म्हणून एक गंमत सांगतो. लिनक्सवर टाकलं की "पोस्टग्रेस" नावाचा मुख्य वापरकर्ता मिळतो, आणि पासवर्ड बरोबर असला तरी "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" येतं, कारण तिथे सर्व्हर पासवर्ड विचारतच नाही, तुम्ही सिस्टिमवर कोण म्हणून लॉगिन आहात ते बघतो. मॅकवर होमब्रूने (प्रोग्रॅम टाकायचं साधन) टाकलं की "पोस्टग्रेस" नावाचा वापरकर्ताच नसतो, तुमच्या मॅकच्या लॉगिनच्या नावाचा असतो. त्यामुळे लिनक्सवाल्याची आज्ञा मॅकवाल्याने चिकटवली की "असा रोल अस्तित्वात नाही". दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. दोघंही खरे असतात.

हिशेबनीस (मंगळवार)

खूप आभार. सर्व्हर एकच ठेवायचं ठरलं. एक जुनं पण दणकट मशीन मोकळं आहे. प्रश्न असा, त्यावर विंडोज ठेवू की लिनक्स? साहेबांचं म्हणणं, मुख्य सर्व्हर विंडोजवर ठेवा आणि राखीव म्हणून एक लिनक्सवर, म्हणजे एक रुसला तर दुसरा. रेप्लिकेशन म्हणतात ते.

जुनाजाणता

सोमवारी "पुढे सांगेन" म्हटलं होतं, ते आता सांगतो. लांब आहे.

पोस्टग्रेसमध्ये रेप्लिकेशन दोन प्रकारचं. पहिलं फिजिकल, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींत जे जे बदलतं ते बाइट न बाइट दुसरीकडे पाठवायचं. हे विंडोज ते लिनक्स करायचंच नाही. दुसरं लॉजिकल, १० व्या आवृत्तीपासून. त्यात "अमुक टेबलात ही ओळ आली, ती गेली" असा निरोप जातो. हे वेगळ्या सिस्टिमवर, वेगळ्या आवृत्तीवरही चालतं. फक्त टेबलाचा साचा बदलला तर तो पलीकडे हाताने बदलावा लागतो आणि सीक्वेन्सचे (नव्या नोंदींना आपोआप क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडेही पोचत नाहीत, हे धरून चाला.

आमचे दोन्ही सर्व्हर लिनक्सच होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मुख्य सर्व्हर जुन्या लिनक्सवर, राखीव नव्या लिनक्सवर. पोस्टग्रेस दोन्हीकडे तेच. फिजिकल रेप्लिकेशन महिनोन्महिने बिनबोभाट. एका रविवारी मुख्य मशीन मेलं, राखीव पुढे केलं, सगळे खूश. सोमवारी स्टोअरमधून विचारणा आली: अमुक कोडचा सुटा भाग सापडत नाही. मी क्वेरी मारली, शून्य ओळी. म्हटलं कुणीतरी उडवला असेल. मग सहज अर्धा कोड घालून शोधलं तर ओळ समोर! पूर्ण कोड दिला की गायब, अर्धा दिला की हजर. मी दोनदा चहा घेतला आणि तिसऱ्यांदा क्वेरी मारली, तेच.

शेवटी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वापरू नको असं सर्व्हरला बजावलं (इंडेक्सस्कॅन, इंडेक्स-ओन्ली आणि बिटमॅप, तिन्ही बंद) आणि तीच क्वेरी चालवली. एक ओळ. तिन्ही चालू केले, शून्य. म्हणजे माल जागेवर होता, चुकत होती ती सूची.

कारण असं. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, साधारणपणे सिस्टिमच्या सी लायब्ररीला विचारतं. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीने २०१८ साली, २.२८ आवृत्तीत, हा क्रमच बदलला. जीलिबसीवालं कुठलंही लिनक्स घ्या, दोन ओळींची फाइल करा: एकीत "एक-डॅश-एक", दुसरीत "अकरा", दोन्ही इंग्रजी आकड्यांत. इंग्रजीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये सॉर्ट चालवा. जुन्या लायब्ररीत अकरा आधी येतो, नव्यात एक-डॅश-एक आधी. आमच्या कोडांमध्ये डॅशच डॅश!

इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. शब्दकोशात क्ष हा क नंतर लावलेला असावा आणि आपण तो ह नंतर शोधावा, तसं. शब्द आहे, पण आपण त्या पानावर जाणारच नाही.

न सापडणं परवडलं. पुढचं ऐका. तो कोड "नाही" म्हणून लोकांनी तो पुन्हा भरला. युनिक इंडेक्सने (तोच कोड दोनदा येऊ न देणाऱ्या) अडवायला हवं होतं, पण त्यालाही जुना सापडला नाही, त्याने घेतला. दीड दिवसात पन्नासच्या वर जोड्या झाल्या. मग रीइंडेक्स करायला (सूची नव्याने रचायला) गेलो तर तो म्हणतो, दुबार नोंदी आहेत, इंडेक्स बनवता येत नाही. एकेक जोडी बघून, कुठली खरी ते स्टोअरला विचारून काढावी लागली.

हे एकाच घराण्यातल्या दोन लिनक्समध्ये झालं. म्हणून विंडोजचा फोल्डर लिनक्सवर उठला नाही हे तुमचं नशीब म्हणतो.

साहेबांना सांगा: एक सर्व्हर, तुमच्यातले दोघे ज्या लिनक्सवर एकमत करतील त्यावर (झालं तर). राखीव हवाच असेल तर तोही अगदी त्याच लिनक्सच्या त्याच आवृत्तीवर.

टेबलखुर्ची

ते दोघे एकमत करण्यापेक्षा विंडोज ते लिनक्स फिजिकल रेप्लिकेशन आधी होईल.

खटपट्या

जुनाजाणता, दंडवत. यात माझी भर: डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या छोट्या सिस्टिमसकट डबाबंद चालवायचं साधन; तो डबा म्हणजे इमेज) वापरणाऱ्यांनाही हे चावतं. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज डेबियन लिनक्सवर बेतलेली असते, आणि नुसता "१५" टॅग लावला असेल तर एक दिवस खालचं डेबियन बदललेलं असतं. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सची इमेज तर मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर, तिथे क्रम नुसता बाइटचा. डेबियनच्या इमेजचा डेटा व्हॉल्यूम अल्पाइनला जोडला की हाच प्रसंग. १५ पासून निदान "कोलेशनची आवृत्ती जुळत नाही" (कोलेशन म्हणजे क्रम लावायचे नियम) असा इशारा जोडणी करतानाच येतो. लोक तो इशारा बंद करायची आज्ञा शोधतात आणि तेवढीच चालवतात. आधी रीइंडेक्स करा हो!

माझ्या मॅकवर तर हे रोज दिसतं. तोच डेटा, तीच क्वेरी. लिनक्स सर्व्हर स्मॉल ए, कॅपिटल बी, स्मॉल सी असा क्रम देतो, माझा मॅक कॅपिटल बी आधी टाकतो. आमच्या चाचण्या सर्व्हरवर पास, माझ्याकडे नापास. मी आठवडाभर स्वतःच्या कोडला शिव्या दिल्या.

वाटसरू

यावर कायमचा उपाय?

जुनाजाणता

कोड, क्रमांक, ईमेल असल्या रकान्यांना "सी" कोलेशन लावा. नुसता बाइटचा क्रम, जगबुडी आली तरी बदलणार नाही. माणसांनी वाचायच्या याद्यांना आयसीयू (क्रम लावणारी वेगळी लायब्ररी) वापरा, ते सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून नसतं. १५ पासून अख्ख्या डेटाबेसला लावता येतं. आयसीयूची आवृत्ती बदलली तर तिथेही क्रम सरकू शकतो, पण तो इशारा मिळतो. १७ मध्ये तर पोस्टग्रेसने स्वतःचाच एक बाइटक्रमाचा प्रोव्हायडर आत घातलाय.

आणि शंका आली तर एएमचेक नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते इंडेक्स क्रमात आहे का ते तपासून सांगतं. आम्हाला ते मागाहून सुचलं, वरातीमागून घोडं.

अर्धविराम

माझा प्रांत वेगळा, पण दुखणं जवळचं. आमच्याकडे रेकॉर्डचं काम आहे आणि सगळ्या नोंदी मराठीत. विंडोज, मॅक आणि फोन, तिन्हीकडून भरल्या जातात. "दुसऱ्या मजल्यावरचं कपाट" शोधलं की निम्म्याच नोंदी यायच्या. आधी मला वाटलं इंडेक्स. जुनाजाणतांची गोष्ट आधी वाचली असती तर मी तो उगाच पाडून बसले असते.

भानगड "ऱ्या" मध्ये निघाली. पडद्यावर सारखा दिसणारा हा "ऱ्या" तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे एकच अक्षर, मग हलन्त आणि य. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. तीन, र, हलन्त, एक अदृश्य जोडाक्षर-चिन्ह आणि य. "दुसऱ्या" या शब्दाची लांबी सर्व्हरला विचारली तर एका नोंदीत ७, दुसरीत ८. डोळ्यांना काडीचा फरक नाही! कुणाच्या कीबोर्डातून काय निघतं ते कीबोर्डच जाणे.

पहिल्या दोन तऱ्हा एक करायला पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. तिसरी त्याने सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळीच गोष्ट आहे. तिला सरळ रिप्लेस लावावं लागतं. आता आम्ही नोंद आत येतानाच ट्रिगरमध्ये दोन्ही करतो.

डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) मात्र यूटीएफ-८ च हवं. विंडोजवर हाताने उभा केला तर कधी कधी १२५२ (फक्त पश्चिम युरोपी अक्षरांचं) मिळतं, आणि पहिलं देवनागरी अक्षर आलं की "याला समतुल्य अक्षर नाही" म्हणून आडवं येतं.

हिशेबनीस (गुरुवार)

अर्धविराम, आमच्याही पत्त्यांत "ऱ्या" आहेत. आजच लांबी मोजतो.

प्रगती: लिनक्सवर सर्व्हर उभा केला. (एकमत झालं नाही. मी नाणं उडवलं.) यूटीएफ-८, आयसीयू, कोडांना सी. अ‍ॅक्सेसमधून टेबलं आली, नावं स्मॉल केली. विंडोजवाल्यांचे अ‍ॅक्सेसचे फॉर्म तसेच ठेवलेत, फक्त टेबलं ओडीबीसीने (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांमधला दुवा) पोस्टग्रेसला जोडली. मॅक आणि लिनक्सवाल्यांना लिबरऑफिस बेस दिलं, त्यात पोस्टग्रेसला जोडायची सोय आतच आहे.

दोन ठिकाणी अडलो. एक, अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर हो-नाहीची चौकट टिचकली की एरर. दोन, काल रात्रीचा बॅकअप मी पॉवरशेलमधून (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) घेतला, तो भरायला गेलो तर पहिल्याच ओळीला ठेच.

खटपट्या

पहिलं: अ‍ॅक्सेसचं "हो" म्हणजे उणे १, पोस्टग्रेसचं "हो" म्हणजे ट्रू. ओडीबीसी ड्रायव्हरच्या पर्यायांत "बूल्स अ‍ॅज कॅरॅक्टर" बंद करून बघा. तिथेच "रो व्हर्जनिंग" चालू करा, नाहीतर "दुसऱ्या कुणीतरी ही नोंद बदलली" अशी खोटी तक्रार सुरू होईल. बदलल्यावर टेबलं पुन्हा लिंक करायची.

दुसरं: "मोठे-पेक्षा" चिन्हाने फाइलीत वळवलं ना? विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल अशी फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहितं. तुमचा डंप बरोबर होता, वाटेत त्याचा पोशाख बदलला. कस्टम फॉरमॅट असेल तर तो पार खराबच होतो. चिन्ह वापरूच नका. पीजी_डंपलाच डॅश एफ लावून फाइलचं नाव द्या.

जुनाजाणता

बॅकअप सर्व्हरवरूनच घ्या, क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन). लॅपटॉपवरचं पीजी_डंप सर्व्हरपेक्षा जुनं असलं तर ते नकार देतं, आणि ते तुम्हाला सुट्टीच्या दिवशी कळतं. पासवर्ड डॉट-पीजीपास फाइलीत ठेवलात तर तिची परवानगी ०६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करा. लिनक्स आणि मॅकवर ती सैल असली तर फाइल सरळ दुर्लक्षिली जाते. विंडोजवर ही तपासणी नाही, म्हणून तिथून आलेल्या माणसाला हे उमगत नाही.

आणि अ‍ॅक्सेसचे जुने आयडी तसेच आणले असतील तर सीक्वेन्स पुढे सरकवून ठेवा. नाहीतर पहिली नवी नोंद आयडी १ मागेल आणि "दुबार की" म्हणून आपटेल.

हिशेबनीस (पुढचा बुधवार)

सोमवारपासून सगळे नव्यावर. चौकट, बॅकअप, सीक्वेन्स, तिन्ही मिटलं. "ऱ्या" वाल्या ३१२ ओळी सरळ केल्या.

पण आज एक मजा झाली. डिझाइनमधली एकजण म्हणे, मी दोन दिवस नमुन्यांच्या नोंदी भरतेय, बाकी कुणाला दिसतच नाहीत. मी तिच्या शेजारी बसलो. तिला दिसतात, व्यवस्थित ४१. माझ्या मशीनवर एकही नाही. इंडेक्स म्हणून मी लगेच रीइंडेक्स मारला, एएमचेक चालवलं, सगळं निरोगी.

टेबलखुर्ची

होस्टचा रकाना रिकामा होता का?

हिशेबनीस

!!! कसं ओळखलंत?

टेबलखुर्ची

पहिली पोस्ट वाचली होती. "प्रत्येक मशीनवर पोस्टग्रेस टाकलं."

खटपट्या

हा हा. होस्ट, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, दिला नाही की क्लायंट आपल्याच मशीनवरच्या सर्व्हरकडे जातो. तिच्या मॅकवरचा तुमचा तो पहिला सर्व्हर अजून जिवंत आहे, दर वेळी मशीनबरोबर उठतोय. आणि त्यात तुमचीच चाचणीची टेबलं, त्याच नावांची. तिच्या बाजूने सगळं बरोबरच होतं.

तिच्याकडून फक्त त्या टेबलाचा डेटा काढा, पण आयडीचा रकाना सोडून. तिकडचे आयडी १ पासून सुरू झाले असणार, इकडच्यांवर आदळतील. कॉपीच्या आज्ञेत रकान्यांची नावं देता येतात.

हिशेबनीस (संध्याकाळी)

आणल्या. ४१ पैकी ४१. तिच्या मॅकवरचा सर्व्हर काढून टाकला, मग बाकी अकरा मशीनवरचेही काढत फिरलो. लिनक्सवाल्या दोघांपैकी एक म्हणाला, माझा राहू दे, मला लागतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा कधी काढणार ते विचारू नका.

टेबलखुर्ची

कधी काढणार?